गालावर उतलेला बिब्बा

"नैसर्गिक आहे, काही होत नाही," असं कुणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. बिब्बाही नैसर्गिकच असतो.

त्याचा गुण मी नाकारत नाही. आम्ही कात्रजला राहायचो तेव्हा आईच्या टाचा भेगाळून त्यांतून रक्त यायचं. आत्या बिब्बा दाभणाला टोचायची, दिव्यावर धरायची आणि त्यातून गळणारं काळं तेल भेगांत सोडायची. आई ओठ चावून बसायची. आठवड्याभरात भेगा मिटायच्या. टाचेची कातडी जाड, ती सोसते. गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या टाचा आत्यानंच बऱ्या केल्या होत्या, त्यामुळे तिच्यापुढे घरात कुणाचं चालत नसे.

माझ्या डाव्या गालावर चामखीळ होती. मला विसावं लागलं आणि विश्रांतवाडीचं एक स्थळ रविवारी बघायला येणार असं ठरलं.

"हे असलं तोंड दाखवणार का?" आत्या म्हणाली. "थेंबभर बिब्बा लावला की गळून पडेल."

मी नाही म्हटलं. ओरडून म्हटलं. मग आईनं माझे हात धरले, आत्यानं माझ्या छातीवर गुडघा रोवला आणि तेल सोडलं. मी मान झटकली, तेल गालभर ओघळलं. मी तिच्या मनगटाला कडकडून चावले. तिनं माझे केस धरून डोकं फरशीवर आपटलं.

दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. गालभर फोड, डोळा सुजून बंद, लस वाहतेय. आई खोबरं वाटून लावत होती आणि रडत होती. मला तिची कीव आली नाही, संतापच आला. चामखीळ होती तिथेच होती.

पाहुण्यांना येऊ नका म्हणायची बाबांना लाज वाटली. ते आले.

"चेहऱ्याला काय झालं हो?" मुलाच्या आईनं विचारलं.

"वाफ लागली," आत्या म्हणाली.

"वाफ नाही, बिब्बा," मी म्हटलं. "हिनं लावला. आईनं हात धरले."

बाबा उठले आणि त्याच गालावर सणसणीत थप्पड मारली. फोड फुटले. लस आणि रक्त साडीवर ओघळलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

मुलगा बशीतल्या लाडवाकडे बघत राहिला. त्याच्या आईनं शांतपणे चहा संपवला.

"वळणात ठेवलंय मुलीला," ती म्हणाली. "गाल काय, भरून येईल. आम्हाला पसंत आहे."

बाबांचा चेहरा खुलला. आत्यानं आईला साखर आणायला सांगितलं. आई जागची हलली नाही. घरात कधी आवाज न चढवलेली ती बाई म्हणाली, "आम्हाला पसंत नाही."

बाबांचा हात तिच्यावरही उठला, पाहुण्यांच्या देखत. तिनं मार खाल्ला, पदर सावरला, जाऊन दार सताड उघडलं आणि मुलाच्या आईला म्हणाली, "निघावं आपण."