निवडून बाजूला काढलेल्या शेंगा

निरवांगीची माझी धाकटी जाऊ दर वर्षी आम्हाला बारामतीला भुईमुगाच्या शेंगांचं पोतं पाठवते. एकेक शेंग हाताने निवडलेली असते. मुलांनो, तुम्हाला मी परदेशी पाठवते ती चटणी याच शेंगांची.

यंदा शेंगा काढताना पाऊस आला. पोत्यात मला हिरवट बुरशी धरलेले काही दाणे सापडले. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेली बाई. पहिला विचार तुमच्या चटणीचा आला. प्रत्येक बुरशी विष तयार करत नाही, ते तपासावं लागतं. माझी एक विद्यार्थिनी इथल्या प्रयोगशाळेत आहे. तिने ती बुरशी नारळाचं दूध घातलेल्या बशीत वाढवली आणि अतिनील दिव्याखाली धरली. बशी निळी चमकली, ही विषाची खूण. पुढच्या तपासणीतही विषच निघालं. पोत्यातले चांगले दाणे मात्र स्वच्छ होते. मला हायसं वाटलं.

मग जावेला फोन केला. "बुरशीच्या शेंगा टाकून देतेस ना गं?"

"टाकीन कशाला, आक्का? चांगल्या तुमाला, काळ्या पडल्याल्या म्हशीला. पिकवल्यालं वाया घालवायचं व्हय?"

"आणि बाळाला दूध कुठलं?"

"घरचंच की! पिशवीचं कोण पाजतंय?"

तिचा नातू नुकताच चालायला लागला आहे. हे विष जनावराच्या दुधात उतरतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. पण आमच्यासाठी निवडताना उरलेल्या शेंगांचं काय होतं, हे मी तिला कधीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी करून गेले आणि दूध तपासायला आणलं. त्यातही विष निघालं. काळ्या शेंगा बंद केल्यावर काही दिवसांनी दूध स्वच्छ झालं. बाळाला डॉक्टरांना दाखवलं. सध्या काही दिसत नाही, लक्ष ठेवा, म्हणाले. हे "सध्या" माझ्या डोक्यातून जात नाही.

परवा पुन्हा गेले, तर जाऊ शेंगा निवडत बसलेली. काळ्या पुरायला तिने खड्डा खणला होता. चांगल्या माझ्या पिशवीत भरत होती.

"अगं, यंदा या तुम्हीच खा."

"पाहुण्याला रिकामं धाडत्यात व्हय?"

"मी पाहुणी?"

"शेरातली म्हंजे पाहुणीच की," ती हसली. "आन् तुमी तरी मनाला लावून घेऊ नका. तुमाला कुठं ठावं हुतं?"

ती पिशवी स्वयंपाकघरात आहे. तिची गाठ अजून सोडलेली नाही.