मीनाची बोली आणि ईवाबाईंचा टोप

ईवाबाई किहीमकरांशी भांडायचं तर माणसानं आधी पोटभर जेवून यावं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण तोंडाचा पट्टा असा, की रीडिंगमधल्या त्यांच्या रस्त्यावर गाडी लावणारे लोक आधी ईवाबाई खिडकीत आहेत का ते बघून घेतात. जातीनं बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. माहेर अलिबागकडचं, वाढल्या भायखळ्यात, आणि लग्न करून मनाशेंबरोबर इंग्लंडात आल्या त्याला युगं लोटली. मनाशे गेले, तेव्हापासून घरात त्या आणि मुलगा जेरेमी. जेरेमी बेसिंगस्टोकला आयटीत. आईचं मराठी त्याला सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. ईवाबाई विचारणार, "जेवलास का रे बाबा?" की हा म्हणणार, "आय ॲम फाइन, मम." आता यावर माणसानं पुढं बोलायचं तरी काय, कप्पाळ!

म्हणून ईवाबाईंच्या गप्पा चालायच्या कुंपणापलीकडच्या मीनाशी. पासपोर्टावर तिचं नाव मिना, पण ईवाबाईंनी पहिल्याच दिवशी तिची मीना करून टाकली आणि तिला ते आवडलं. मीना शहाऐंशीची, उत्तर समुद्रातल्या हेलिगोलंड नावाच्या बेटावर जन्मलेली. एवढंसं बेट, लाल कड्याचं. ते जर्मनीत आहे, पण मीनाला जर्मन म्हणालात तर चहा मिळायचा नाही. तिची भाषा फ्रिजियन, आणि त्यातही त्या बेटापुरतीच असलेली बोली, हालुंडर. ती बोलणारे आता जेमतेम काही शे लोक उरलेत म्हणे. युद्धात बेट बॉम्बखाली भाजून निघालं, माणसं हलवली, आणि छोटी मीना आईचं बोट धरून बाहेर पडली. पुढं मोठी झाल्यावर बाईनं नवरा केला तो इंग्रजच! "विमानं त्यांची होती गं, जॉर्ज नव्हता त्यात," असं ती सांगायची आणि दोघी पोट धरून हसायच्या.

अशी ही मीना एके दिवशी कुंपणाशी आली ती पांढरीफटक पडलेली.

"काय गं, कुणी मेलं की काय?" ईवाबाईंनी विचारलं. दोघींची बोली इंग्लिश, पण ईवाबाईंच्या इंग्लिशला मराठी फोडणी असते, म्हणून मी सगळं मराठीतच सांगते.

"बेटावरून एक मुलगी येतेय. विबके नाव तिचं. म्हाताऱ्या माणसांची बोली रेकॉर्ड करत फिरते, तिथल्या शाळेतल्या पोरांना ऐकवायला. गुरुवारी माझ्याकडे येणार."

"मग बरंच झालं की! रडतेस कशाला?"

"ईवा, माझ्या तोंडातून शब्दच येत नाहीत." मीनानं गळ्यावर हात ठेवला. "बहीण होती तोवर दर रविवारी फोनवर बोलायचो. ती गेली आणि बोलणार कुणाशी? काल आरशासमोर बसले, तर नुसतं इंग्लिश. ती मुलगी येईल, मशीन लावेल, आणि इथे कुणी उरलेलं नाही असं सांगत परत जाईल. आणि ते खरंच असेल."

ईवाबाईंना दुसऱ्याचं रडू बघवत नाही. त्यांना राग येतो. "उरलेलं नाही म्हणजे? तू काय बाहुली आहेस? थांब, मी काढते तुझी भाषा बाहेर!" जशी काही भाषा म्हणजे नळात अडकलेला बोळा.

झालं, प्रयोग सुरू. मीनाच्या भिंतीवर बेटाची एक बशी टांगलेली होती, तिच्यावर 'वेलकॉम इप लुन' लिहिलेलं, म्हणजे बेटावर स्वागत असो. ईवाबाईंनी ते पाठ केलं आणि उठल्यापासून कुंपणावरून ओरडायला लागल्या. मीना गोड हसून म्हणायची, "गुड मॉर्निंग, डिअर." मग एकेक वस्तू नाचवून झाली. चमचा दाखवला, स्पून. किटली दाखवली, केटल. चप्पल दाखवली तर मीना म्हणाली, "ईवा, मी वेडी झालेली नाही." शेवटी ईवाबाईंनी शेरीची बाटली काढली. दारू पोटात गेली की जीभ सुटते, हा जुना अनुभव. जीभ सुटली खरी, पण दोघींची एकदमच, आणि दोघी इंग्लिश पबातली गाणी म्हणत बसल्या. जेरेमी घरी आला तेव्हा त्याची आई सोफ्यावर उभी होती. "मम, गेट डाउन!" म्हणाला बिचारा.

उजाडला गुरुवार. "भाषा नाही तर नाही," ईवाबाई म्हणाल्या, "पाहुणीचं तोंड तरी गोड करू." हलवा करायचा ठरलं, आमच्याकडे सणाला करतात तसला, नारळाच्या दुधातला, ढवळून ढवळून हात मोडणारा. त्याला लागतो मोठा टोप. ईवाबाईंकडे आईचा आहे, मुंबईहून बोटीनं आलेला. जेरेमीच्या काचेच्या शेगडीवर तो बसत नाही, म्हणून त्यांनी तो सकाळीच मीनाच्या गॅसवर नेऊन ठेवला आणि नारळाचं दूध आणायला घरी वळल्या. तेवढ्यात लंडनहून वन्संचा फोन. वन्संचा फोन म्हणजे गुडघ्यापासून सुरू होऊन सुनेपर्यंत जातो.

इकडं मीनाच्या मनात वेगळंच. बोली येत नाही, निदान जेवण तरी बेटाचं असावं. तिनं मार्केटातून खेकडे आणवले होते. त्यांच्या नांग्या उकडून खायच्या, ही तिच्या बेटाची खासियत. मोठं भांडं कुठून आणावं या विचारात ती स्वयंपाकघरात आली, तर गॅसवर हा टोप! तिला वाटलं, काय ही ईवा, न सांगता माझ्या मनातलं ओळखते. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तिनं त्यात पाणी भरलं, मीठ घातलं, आणि सोडले खेकडे.

आता ज्यू माणसाला खेकडा म्हणजे काय, हे सांगायला हवं का? खवले आणि पर असलेला मासा चालतो. खेकडा, कोळंबी, शिंपल्या म्हणजे शिवायचं नाही. ईवाबाईंनी उभ्या जन्मात खेकड्याकडे मायेनं बघितलेलं नाही. त्या नारळाचं दूध घेऊन मागच्या दारानं आत आल्या, टोपावरचं झाकण उचललं, आणि आतून एक नांगी वर आली.

"एलियाहू हन्नबी! अगं भवाने! काय केलंस हे? माझ्या आईचा टोप! शब्बाथचं, सणाचं शिजलंय यात, आणि तू त्यात हे आठ पायांचे मेले किडे उकडतेस?"

संकटात आमची माणसं ज्यांचा धावा करतात ते संदेष्टे एलियाहू सोडले, तर सगळं मराठीत. इंग्लिश कधी गळून पडलं त्यांना कळलंही नाही. मीना पहिल्यांदा "सॉरी, सॉरी" करत राहिली. पण ईवाबाई थांबतात होय! त्यांनी दोन फडकी घेतली, टोप उचलला आणि बागेकडे निघाल्या, खेकड्यांसकट ओतून द्यायला.

आणि मीनाचं टाळकं सरकलं.

तिनं एक फडकं हिसकावून टोपाचा दुसरा कान धरला आणि अशी काही सुटली, की ईवाबाई दोन पावलं मागं सरल्या. ते इंग्लिश नव्हतं. लाटा खडकावर आपटाव्यात तसे शब्द येत होते, एकावर एक, श्वास न घेता. एक अक्षर कळलं नाही ईवाबाईंना, पण भांडण कळायला अक्षरं कशाला लागतात? त्यांनी पदर खोचला, म्हणजे कार्डिगनच्या बाह्या वर केल्या, आणि उत्तर दिलं. मीनानं प्रत्युत्तर दिलं. ईवाबाई कडाडल्या, "मला शिकवतेस? शेरी ढोसताना बरी गोड बोलत होतीस!" यावर मीनानं ओट्यावरचा डाव उचलला आणि थेट ईवाबाईंच्या नाकापर्यंत नेला. टोप मध्ये लोंबकळतोय, खेकडे आत लाल होताहेत, आणि दोघी म्हाताऱ्या आपापल्या भाषेत एकमेकींचा उद्धार करताहेत. ईवाबाईंना, खोटं कशाला सांगू, मजा यायला लागली होती. कितीतरी दिवसांनी कुणीतरी उलट बोलत होतं!

दारात विबके उभी होती. घंटा वाजवून वाजवून दमली आणि उघड्या दारातून आत आली होती. हातातलं मशीन तिनं केव्हाच चालू केलं होतं. परवानगी नंतर मागितली, तेही लाजत. तिनं हळूच त्या बोलीत काहीतरी म्हटलं. मीना गर्रकन वळली आणि तिलाही झापलं. बूट न पुसता आलीस, आणि उच्चार हा असा करतात होय, असं काहीसं होतं ते. विबकेनंच मग हसत हसत सांगितलं.

तेव्हा कुठं मीनाच्या लक्षात आलं. तिनं तोंडावर हात ठेवला आणि खुर्चीत बसली. "माझी आई बाबांना अशीच बोलायची," ती म्हणाली. "अगदी अशीच."

मग ती थांबेचना. दुपारभर बोलली, बेटाबद्दल, बोटींबद्दल, आईबद्दल. विबके खेकडे फोडत ऐकत होती. टोप ईवाबाईंनी मीनाला देऊन टाकला, "आता तो तुझाच, मला नको तो बाटलेला," असं बजावून. रुसून घरी जावं असं चार वेळा मनात आलं, पण पाय निघाला नाही.

निघताना विबकेनं विचारलं, "सुरुवातीचं भांडण तर सोन्यासारखं आहे. फक्त त्यात दुसरा आवाज आहे. तो कॉम्प्युटरवर काढून टाकू का? म्हणजे पोरांना नुसती हालुंडर ऐकू येईल."

"काढ काढ," ईवाबाई म्हणाल्या. "त्यात काय, शिव्याच आहेत."

"नाही काढायचा," मीना म्हणाली. "मी काय भिंतीशी भांडत होते? समोर ही होती म्हणून माझ्या तोंडून आलं. ही काढलीस तर ती पोरं विचारतील, आजी बोलतेय कुणाशी?"

विबकेनं मान हलवली आणि मशीन ईवाबाईंपुढं धरलं. "मग तुमचं नाव आणि भाषा सांगा. तुमच्याच भाषेत."

ईवाबाईंनी घसा खाकरला. "मी ईवा मनाशे किहीमकर," त्यांनी सुरुवात केली. "मराठी बोलते. आमच्या बेने इस्रायलांच्या घरातली मराठी." आणि पुढं, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांचं तोंड बंद पडलं. घरात हे ऐकून मराठीत उलट बोलणारे एकटे मनाशे होते. डोळे भरून आले, नाक लाल झालं, आणि मशीन आपलं चालूच.

मीनानं त्यांच्या हातावर आपला खेकड्याचा वास मारणारा हात ठेवला. ईवाबाईंच्या मराठीतलं एक अक्षर तिला कळत नव्हतं.

"बोल, ईवा," ती म्हणाली. "मी ऐकतेय."