थोरल्यांसाठी वेगळा फोटो

पन्नाशी उलटलेली आमची राधामणी टीचर दुसरं लग्न करणार, ही बातमी कुणाला कुठं द्यायची ते मी ठरवलं. मी ओमना, केरळातल्या लक्किडीच्या शाळेत तिच्या शेजारच्या वर्गावर शिकवते.

"पोरासोरांसाठी इन्स्टा. तिथं तुझा नि भास्करन मास्तरांचा जोडीनं फोटो, मागं गाणं. आपल्या वयाचे सगळे फेसबुकवर. म्हातारी मंडळी घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर."

"थोरल्यांपुढं जोडीचा फोटो नको गं बाई, लाज वाटते."

खरी भीती सासूबाईंची होती. पहिला नवरा गेल्यापासून त्या, दाक्षायणी अम्मा, हिच्याचजवळ. "त्या नको म्हणाल्या तर लग्न नाही," टीचर म्हणायची. पण त्यांच्यापुढं तोंड उघडेल तर शपथ! सध्या अम्मा ओट्टपालमला लेकीकडे होत्या. शेवटी ठरलं, आधी फक्त थोरल्यांच्या ग्रुपवर टाकायचं. नणंद वाचेल, अम्मांच्या कानावर हळूच घालेल. त्यांचा होकार आला की बाकीकडे.

टाकला. टीचरचा एकटीचा फोटो, सोनेरी काठाची पांढरी कसवू साडी, कपाळावर चंदन, चेहरा गंभीर. खाली तारखेसकट लांबलचक मजकूर.

माधवन मामांनी लगेच हात जोडले. "भावपूर्ण आदरांजली."

हा माणूस कधी काही वाचेल तर ना! त्यांच्यामागून सगळ्यांनी पांढरी फुलं वाहिली, समया लावल्या. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. मग मी खुलासा लिहायला बसले आणि टीचर पापड तळायला उठली.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आत अम्मा, एकट्या, पायात चपलासुद्धा नाहीत. मामांनी ओट्टपालमला सांत्वनाला फोन केला होता. लेक बाजारात, फोन अम्मांनीच उचललेला.

टीचर झारा घेऊन बाहेर धावली. अम्मांनी तिचे दंड चाचपले, तोंडावरून हात फिरवला आणि हंबरडा फोडला. माझ्याही डोळ्यांना धार लागली.

पाणी पाजून मी त्यांना तो मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. टीचर खाली मान घालून उभी.

"सगळ्या रस्त्यात हेच म्हणत आले, देवा, मला ने, तिला सोड," अम्मा म्हणाल्या. "जिवंत आहेस ना? मग कर लग्न. पण त्या भास्करनच्या घरात माझी खाट मावेल का गं?"

"मी पहिलं तेच विचारलं त्यांना, अम्मा."