फादर अंतोन ‘येतो’ म्हणत नाहीत

दोहा, १४ नोव्हेंबर १९८६

संपादक महोदय आणि वसईकर मंडळी,

आपली तीन पत्रे माझ्या टेबलावर आहेत. एकालाही मी उत्तर दिले नाही, याबद्दल क्षमा मागतो. फादर अंतोन यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथासाठी त्यांच्या युद्धातील कामगिरीवर लिहावे, असे आपण कळवले होते. चार महिने लिहितो आहे आणि फाडतो आहे.

फादरांची माझी ओळख एकाहत्तरच्या युद्धाआधी दोन महिने झाली. मी बी.ए. होऊन सैन्यात नर्सिंग असिस्टंट झालो होतो. ते सैन्यातले कॅथलिक धर्मगुरू. आमच्या पलटणीत त्यांच्या प्रार्थनेला पाच-सहाच जण असत. उरलेला वेळ ते जवानांना पत्रे लिहून देत. एकाने विचारले, बायकोला काय लिहू? फादर म्हणाले, “मला काय विचारतोस बाबा? मी ब्रह्मचारी. तू सांग, मी शिकतो.”

ब्याऐंशी साली मी इथल्या एका कंपनीच्या दवाखान्यात नोकरीला आलो. वर्षभराने ओल्ड एअरपोर्ट भागात भाजी घेताना मागून आवाज आला, “काय सुर्वे, अजून पट्टी घट्टच बांधता का?” निवृत्त होऊन फादरही इथे आले होते. ते इथे नेमके काय करतात हे छापू नये. इथल्या कायद्याने त्यांना त्रास होईल. एवढेच लिहितो की शुक्रवारी ते पार उत्तरेच्या अल रुवैस बंदरापर्यंत जातात, बोटींवरच्या आपल्या माणसांत बसतात आणि अजूनही पत्रे लिहून देतात. मागच्या उन्हाळ्यात साताऱ्याकडच्या एका ड्रायव्हरला आई गेल्याची तार आली, पण मालकाने सुट्टी दिली नाही. फादर तीन दिवस त्याच्या खोलीत जमिनीवर झोपले आणि त्याच्यासारखेच अळणी जेवले.

फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आमच्या घरी ते जेवायला येतात. निघताना म्हणतात, “जातो.”

माझी पत्नी दर वेळी दारात अडवते. “अहो फादर, जातो काय म्हणता? येतो म्हणावं.”

“आलो की कळेलच की, वहिनी.”

ती हसते. मी त्यांच्या चपला शोधण्याच्या निमित्ताने खाली बघतो, कारण ते ‘येतो’ का म्हणत नाहीत हे मला माहीत आहे.

युद्धातल्या त्या सकाळी हल्ला संपला तेव्हा आमचे तीन जखमी सुरुंग पेरलेल्या शेतात पडून होते. सुरुंग काढणारे पथक दुपारशिवाय येणार नव्हते आणि तोफा चालू होत्या. फादर कुणालाही न विचारता गेले, आमच्याच जवानांच्या पावलांच्या ठशांवर पाय ठेवत. पहिल्याला खांद्यावर घेऊन आले. पुन्हा गेले. दुसऱ्याच्या शेजारी गणपत होता, चिपळूणकडचा, अंगाने दांडगा. त्याचा पाय गुडघ्याखाली उडाला होता. त्याला एकट्याने उचलणे शक्य नव्हते. फादरांनी त्याच्या मांडीला पट्टा आवळला आणि दुसऱ्याला उचलताना म्हणाले, “येतो, गणपत.”

“या,” गणपत म्हणाला. घरच्या पडवीत बसून म्हणावे तसे.

दुसऱ्याला माझ्यापुढे ठेवून फादर म्हणाले, “सुर्वे, स्ट्रेचर घ्या. दोघं लागतील.”

मी म्हणालो, “फादर, गणपत गेला. आत्ताच पाहिलं मी.”

ते खाली बसले आणि त्यांनी क्रूसाची खूण केली.

दुपारी पथकाला गणपत सापडला, तेव्हा त्याचे अंग अजून गरम होते. आमच्या दिशेने तो पंधरा हात सरकत आला होता.

फादरांना पदक मिळाले. ते छातीवर लावलेले मी कधी पाहिले नाही. यंदा ग्रंथाचा विषय काढला, तेव्हा म्हणाले, “शौर्य कसलं लिहिता? निघताना आपण म्हणतो तसं मी येतो म्हणालो. त्याने ते खरं धरलं.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही नका मनाला लावून घेऊ. धुरात नजर चुकते माणसाची.” पंधरा वर्षे ते मला हेच सांगत आहेत.

माझी नजर चुकली नव्हती. मी पाहिलेच नव्हते. मला त्या शेतात जायचे नव्हते. ते तिसऱ्यांदा का गेले नाहीत याचे कारण मी आहे, आणि ते वगळून त्यांचा गौरव करणे मला जमत नाही. आता हे लिहून गणपतला काही मिळणार नाही. फादरांना मिळेल का, तेही ठाऊक नाही. त्यांचा शब्द खोटा नव्हता एवढे कळेल. कदाचित आमच्या दारात ‘जातो’ म्हणायलाही ते पुन्हा येणार नाहीत.

त्यांचे गुडघे दुखतात, लिहिताना हात कापतो. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभावे, असे इतरांप्रमाणे मलाही वाटते. मात्र त्यातले प्रत्येक वर्ष त्यांना त्या एका शब्दाबरोबर काढावे लागेल, म्हणून ही इच्छा लिहिताना माझा हात अडतो.

उद्या (स्वतःसाठी टीप) : लेख पोस्टात टाकण्याआधी ओल्ड एअरपोर्टला जाऊन फादरांना वाचून दाखवणे.