पंखावरचा पांढरा डाग

माझ्या धाकट्या भावाला पक्ष्यांचं वेड आहे आणि मला त्याच्याशी वाद घालण्याचं. सुट्टी मिळाली की मोटारसायकल काढून आम्ही नाशिकहून पेठच्या बाजूच्या जंगलात जातो आणि दिवसभर भांडून घरी येतो. मागे एकदा त्याला गांधीलमाशी चावली, तर घसा सुजून तो थेट आयसीयूत गेला होता. पुन्हा असं काही झालं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते मीच लक्षात ठेवायचं, कारण तो विसरला होता.

गेल्या हिवाळ्यात जंगलातली वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथे, एका उंच काटेसावरीवर निळसर पक्षी पाठमोरा बसलेला दिसला. भाऊ म्हणाला, निळ्या डोक्याचा कस्तुर. मी म्हटलं, कसला डोंबलाचा, थंडीत कुठेही दिसतो तो साधा निळा कस्तुर आहे. पहिला आमच्या भागात क्वचितच दिसतो. त्याच्या पंखावर पांढरा डाग असतो, साध्याच्या नसतो. पण पंख नेमका फांदीआड होता.

तिथेच रस्त्याकडेला गाडी लावून एक गृहस्थ तिकाटण्यावर हातभर लांब लेन्सचा कॅमेरा रोखून उभा होता. आमचा वाद ऐकून म्हणाला, “थांबा, उडवतो त्याला. पंख दिसेल.” मी “अहो” म्हणेपर्यंत त्याने दगड भिरकावलाही. पक्षी उडाला, कॅमेरा खटखट वाजला आणि दगड फांद्यांतून वर जाऊन आग्या मोहोळावर बसला. आम्ही तिघं पक्ष्याकडे बघत होतो. वर कोणी बघितलंच नव्हतं.

माझ्या मानेला, पापणीला, ओठाला एकदम आग लागली. मी ओढणी भावाच्या डोक्यावर टाकली आणि त्याला फरफटत रस्त्याकडेच्या त्या गाडीकडे नेलं. तो गृहस्थ कॅमेऱ्यासकट आधीच आत बसला होता, काचा वर करून. मी काचेवर बुक्क्या मारल्या. “मॅडम, माश्या आत येतील,” तो म्हणाला आणि मान हलवत राहिला. भाऊ माझ्या पायाशी कोसळला होता. त्याच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता.

मी दगड उचलून काच फोडली. दुसऱ्या घावाला फुटली. हात आत घालून त्याची कॉलर धरली तेव्हा माझं मनगट चिरलं आणि रक्त त्याच्या शर्टावर सांडलं. दार उघड, नाहीतर पुढचा दगड तुझ्या टाळक्यात, असं मी म्हटलं. मी तो घातलाच असता, यात मला आजही शंका नाही. त्याने दार उघडलं. माश्याही आमच्याबरोबर आत आल्या. घाटात गाडी चालवताना तो रडत होता. मी एका हाताने भावाच्या मानेवरच्या माश्या चिरडत होते आणि दुसऱ्या हाताने त्या माणसाच्या पाठीत बुक्के घालत होते, थांबू नको म्हणून.

पेठला इंजेक्शनं देऊन त्याला नाशिकला हलवलं. भाऊ वाचला. घशातली नळी काढली तेव्हा त्याचा चेहरा भोपळ्याएवढा झाला होता. मला वाटलं, पाणी मागेल.

“ताई,” तो म्हणाला, “त्यांच्याकडून फोटो घे.”

तो गृहस्थ बाहेर बाकावर बसून होता, त्याचाही एक डोळा सुजून मिटलेला. मी मोबाइल पुढे केला. त्याने कॅमेऱ्यातला फोटो पाठवला.

फोटोत पंख उघडा होता. वरच्या कोपऱ्यात मोहोळही आलं होतं, धूसर, काळं, एका बाजूने सुटायला लागलेलं. माझी नजर तिथून हलेना. मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटला.

“मेला असतास तू,” मी आत भावाकडे येऊन म्हटलं.

“हो, पण डाग बघ ना.”

मी बघितला. स्वच्छ पांढरा होता. त्याला तसं सांगितलं, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.