सुईच्या टोकावरचं तेल

आमचे साडू घड्याळजी. सगळे त्यांना टिकटिक म्हणतात, कारण माणूस बसला तरी पाय काही बसत नाही. चाळीस वर्षं त्यांनी सुईच्या टोकावर मावेल एवढ्याच थेंबाने घड्याळांना तेल दिलं. मग उजव्या हाताला कंप सुटला. लेकीने दुकानाची किल्ली काढून घेतली आणि एक खोकं पुढ्यात ठेवलं. आत खेळण्यातल्या वाफेच्या पितळी इंजिनाचे सुटे भाग.

"बाबा, हे स्वतःच्या हाताने जोडून चालवा, किल्ली तुमची. नाहीतर दुकान भाड्याने."

झालं! घास तोंडात, डोळा खोक्यावर. चिमट्यातून स्क्रू उडाला की आम्ही दोघे साडू खाटेखाली ओणवे. मेहुणी म्हणायची, "साठीनंतर रांगायला लागलात, छान!"

अडीच महिन्यांनी इंजिन उभं राहिलं. टेबलावर रुळांचं कडं, बॉयलरमध्ये पाणी, खाली स्पिरिटचा दिवा. वाफ धरली, चाक ढकललं. इंजिन दोन बोटं सरकलं आणि फुस्स! उघडलं, जोडलं, पुन्हा फुस्स. तीन दिवस साडू टेबल ते दार, दार ते टेबल. बघून माझीच मान दुखायला लागली.

रविवारी लेक आली. तिच्यासमोरही फुस्स.

मेहुणीने खोक्यातली सीलबंद कुपी उचलली. "अहो, हे तेल का नाही घातलं?"

"ते तेल आहे की डिंक? घड्याळ बंद पडेल त्याने!"

"मग हे घड्याळ आहे का?"

साडूंनी कुपी उजेडात धरली. त्यांचा तो नाजूक थेंब वाफेने केव्हाच धुऊन नेला होता. आणि मी, बैलगाडीच्या आसाला मूठमूठ वंगण फासत वाढलेला गडी, दिवा धरून नुसता उभा!

दाट तेल पोटभर पाजलं. इंजिन धावलं हो! एक फेरी, दुसरी, तिसरीला मात्र वळणावर रूळ सोडून थेट टेबलाच्या कडेला. आम्ही ओरडेपर्यंत साडूंचा उजवा हात खाली गेलेला. तापलेला बॉयलर, बोटं भाजली, पण सोडलं नाही. सावकाश, चाकांवर उभं ठेवलं.

लेकीने त्यांची बोटं पाण्यात बुडवली.

"अजून थरथरतोय," साडूच म्हणाले.

"दिसतंय. पण सुटलं नाही ना." तिने किल्ली त्यांच्या डाव्या हातात ठेवली. "तेलाचं मात्र आईला विचारायचं."

साडूंनी बोटं बाहेर काढली, तशीच ओली. "पाच वाजलेत. साडेसातपर्यंत उघडं ठेवता येईल," म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.