वरचा ऑर्गन

काल नातवाच्या फोनवर ती जुनी अमेरिकन फंक रेकॉर्ड वाजली आणि मी सक्करदऱ्याच्या आमच्या खोलीत पोचले. दादा तेव्हा ऑर्केस्ट्रात ऑर्गन वाजवायचा. तापलेल्या रेकॉर्ड प्लेअरवर वाकून तो मला त्या गाण्यात एकावर एक चढवलेले कीबोर्ड आवाजावरून ओळखायला शिकवत होता.

"खाली पियानो, ऐक वं. मधात तारेसारखा टणटण वाजते तो दुसरा. अन् सगळ्याच्या वर ऑर्गन."

त्यानं सुई पुन्हा मागे नेली, कान जवळ नेला.

"ऑर्गन वाजून राहिला का?"

"हो, दादा."

"मले ऐकू नाही येत."

"सर्दी झाली असंल तुले."

"सर्दीच," म्हणत त्यानं नाक ओढलं.

उन्हाळ्यात त्यानं ऑर्केस्ट्रा सोडला. कान जाणार हे डॉक्टरांनी त्याला त्या दिवसाच्या आधीच सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. ते नाक त्यानं माझ्यासाठी ओढलं होतं.